पाटीवरची मंगलाबाई

त्र्यंबक रोडने महिरावणी ओलांडली की थोड्या अंतरावर प्लॉट पाडलेली एक मोकळी जमीन लागते. दोन हजार आठपर्यंत तिथे 'नवलबाग' होती. पाण्याच्या घसरगुंड्या, झुकझुक गाडी, पोट ढवळून काढणारी कोलंबसची होडी आणि सिमेंटचा एक डायनासोर, ज्याचं शेपूट पोरांनी पहिल्याच उन्हाळ्यात मोडलं. आज यातलं काही उरलेलं नाही. पण नाशिकमधल्या जुन्या माणसाजवळ नवलबागेचा विषय काढून बघा. होडीच्या आधी त्याला पाववडा आठवेल, आणि पाववड्याबरोबर मंगलाबाईंचं नाव. एवढं नाव व्हावं म्हणून लोक जन्मभर धडपडतात. मंगलाबाईंचं ते झालं, आणि कढईतल्या तेलाने जितकं भाजलं नसेल तितकं त्या नावाने त्यांना भाजलं. ते कसं, ते ऐका.

मंगलाबाई घोटीच्या. नवरा सावळीराम म्हणजे गरीब गाय. घोटीच्या एसटी स्टँडबाहेर दोघांची पाववड्याची हातगाडी होती. पावाला चीर द्यायची, आत बटाट्याची भाजी भरायची आणि अख्खा पाव बेसनात बुडवून तळायचा. बाहेरगावचे लोक याला उलटा वडापाव म्हणतात. नाशिकवाल्यांना त्यात उलटंसुलटं काही दिसत नाही, ते सरळ खातात. नवलबागेचे मालक एकदा मुंबईहून येताना या गाडीवर थांबले, दोन खाल्ले, दोन बांधून घेतले, आणि त्र्याण्णव साली बाग उघडली तेव्हा फाटकाला लागूनच या जोडप्याला जागा दिली. पत्र्याची टपरी, पुढे सिमेंटचा कट्टा, वर पाटी : 'नाश्ता स्टॉल क्र. १'.

जागा सोन्यासारखी होती. पोरं दिवसभर पाण्यात डुंबून, ओठ निळे करून बाहेर पडायची आणि पहिली धडकायची ती मंगलाबाईंच्या कढईवर. एकेका घाण्यात दहा-बारा पाववडे तळून निघायचे आणि परातीत पडायच्या आत संपायचे. पदर खोचून, हातात झारा घेऊन मंगलाबाई अशा उभ्या राहायच्या की बागेच्या मॅनेजरलाही त्यांच्याशी बोलताना आवाज खाली आणावा लागे. तीन वर्षं त्यांनी हे राज्य भोगलं.

शहाण्णव साली धाकटा दीर धनराज याचं लग्न झालं. बायको आणली बागलाणातल्या सटाण्याकडची, उज्वला. सडपातळ, सावळी, बोलायला कमी. धनराज आधीपासूनच स्टॉलवर पाण्याची पिंपं भरायचा, तेव्हा त्याच्या मागोमाग तीही आली. पहिल्याच दिवशी मंगलाबाईंनी मोठ्या मनाने तिच्या तळहातावर भाजीचा घास ठेवला. नवी नवरी म्हणेल छान आहे, आणि विषय संपेल, असा त्यांचा हिशेब.

उज्वलाने घास खाल्ला, क्षणभर विचार केला आणि आपल्या माहेरच्या बोलीत म्हणाली, "लसूण कच्चा शे, जाऊबाई."

सावळीराम खो खो हसला. "शे" ऐकून हसला तो, लसणासाठी नाही. मंगलाबाईही हसल्या. पण रात्री अंथरुणावर त्यांनी बोटाला राहिलेला वास घेऊन पाहिला, आणि लसूण खरोखरच कच्चा होता. त्या दिवसापासून ती पोरगी त्यांच्या डोळ्यांत कुसळासारखी खुपू लागली.

पुढे मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारीच भाजी संपत आली. उज्वलाने कुणाला न विचारता तव्यावर हिरव्या मिरच्या, लसूण आणि शेंगदाणे भाजले, वरवंट्याने ठेचले, तो ठेचा पावाला आतून फासला आणि भाजी निम्मीच भरली. मंगलाबाई ओरडल्या, "अगं ए, हे नाशिकचं गिऱ्हाईक हाय. बागलाणचा जाळ चालायचा नाय इथं!" पण लोक नाकाडोळ्यांतून पाणी काढत दुसरा मागायला आले, तिसरा मागायला आले. दुसऱ्या दिवसापासून ठेचा कायमचा झाला. "आम्ही ठेचा लावतो," असं मंगलाबाई गिऱ्हाइकांना सांगू लागल्या. त्या 'आम्ही'त उज्वला किती होती, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक.

इथवर सगळं चालून गेलं असतं. ठेचा शिकता येतो. मंगलाबाईंनी तो शिकूनही घेतला. पण हाताची चव कुठून शिकायची? पीठ तेच, तेल तेच, बटाटे एकाच गोणीतले, तरी उज्वलाच्या घाण्यातला पाववडा वेगळा लागायचा. वरून कुरकुरीत, आत मऊ, तेलाचा थेंब नाही. मंगलाबाईंनी ती चिमटीत मीठ किती घेते ते पाहिलं, पिठात पाणी कसं सोडते ते पाहिलं, झारा कोणत्या हाताने फिरवते तेही पाहिलं, आणि तसंच्या तसं केलं. जमलं नाही. देवाने चव वाटायला काढली तेव्हा हिच्या ओंजळीत जास्त का टाकली, मी काय झोपले होते? असं त्या मनात देवाशी भांडायच्या.

त्यात नवऱ्याने भर घातली. एका संध्याकाळी दमून आलेल्या सावळीरामने परातीतला एक पाववडा उचलला, दोन घास खाल्ले आणि भाबडेपणाने म्हणाला, "मंगल, आज जमलाय बघ. इतक्या वर्षांत असा नव्हता जमला." तो घाणा उज्वलाचा होता. बिचाऱ्याला पुढचे चार दिवस भाकरीबरोबर नुसतं मीठ मिळालं, आणि का ते कधीच कळलं नाही.

गिऱ्हाइकंही काही कमी नव्हती. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कामाला असलेला एक जण दर रविवारी बायकापोरांना घेऊन यायचा. खिडकीत मंगलाबाई दिसल्या की मान उंच करून आत पाहायचा आणि विचारायचा, "आज त्या वहिनी नाहीत का?"

"कोण वहिनी? रोज मीच असते," मंगलाबाई म्हणायच्या.

"असं होय? मग नंतर येतो," म्हणून तो डायनासोरकडे निघून जायचा. मंगलाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात जायची. त्यांनी उज्वलाला मागे बटाटे सोलायला बसवलं, तर रांगेतले लोक मागे डोकावू लागले.

आता मंगलाबाई दुष्ट होत्या असं म्हणाल तर तेही खरं नाही. उज्वलाची मुलगी मैना झाली, तेव्हा बाळंतिणीला अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, सगळं त्यांनी एकटीने केलं. सख्खी आई करणार नाही अशी सेवा केली, आणि मनापासून केली. पण सव्वा महिना सरत आला तेव्हा, हिने आणखी सहा महिने खाटेवरून उठू नये, असंही त्यांना तितक्याच मनापासून वाटलं. दोन्ही गोष्टी एकाच मनात कशा मावतात, हे जिला जाऊ आहे तिलाच कळेल.

शेवटी दोन हजार साली त्यांनी मॅनेजरला गाठलं. "एका म्यानात दोन तलवारी राहत नाय, साहेब. दिराला वेगळी जागा द्या." मॅनेजरकडे एकच जागा रिकामी होती, पार मागच्या कुंपणाला, पंपाच्या खोलीजवळ. तिथे वाट चुकलेलं गिऱ्हाईकच जायचं. स्टॉल क्रमांक चार. मंगलाबाईंना ती फार पसंत पडली.

तेवढ्यावर थांबल्या असत्या तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण मत्सर कधी निम्म्यावर थांबलाय? समजा, लोक हुडकत हुडकत मागे गेलेच तर? तिचं नाव झालं तर? या विचाराने त्यांचा डोळा लागेना. चंपाषष्ठीला सगळं घर गावच्या खंडोबाला गेलं होतं. तिथे गुरवासमोर, दोघा भावांच्या देखत, मंगलाबाईंनी उज्वलाला म्हटलं, "पाववडा माझा हाय. तुला विकायचा तर माझ्या नावानं विकायचा. तुझा म्हणून कुणाला सांगायचं नाय. उचल बेल-भंडार."

देवापुढचा बेल आणि हळदीचा भंडारा हातात घेऊन बोललेला शब्द आमच्याकडे कोर्टातल्या कागदाहून मोठा. उज्वलाने एकवार धनराजकडे पाहिलं. तो खाली बघत होता. तिने बेल-भंडार उचलला, सांगितलेले शब्द जसेच्या तसे म्हटले आणि कपाळाला भंडारा लावला. तिचा चेहरा पडलेला पाहून मंगलाबाईंना त्या रात्री शांत झोप लागली.

दोन वर्षं सुखात गेली. कढई पुन्हा त्यांची एकटीची झाली. मग सिंहस्थ आला. दोन हजार तीनच्या कुंभमेळ्यासाठी त्र्यंबक रोड रुंद होणार होता, त्यात नवलबागेची पुढची भिंत आणि गाड्या उभ्या करायची जागा गेली. मालकांनी काय करावं? पुढचं फाटक विटांनी बुजवून टाकलं, बाजूच्या रस्त्याने मागे नवं फाटक काढलं, झेंडे लावले, तिकीटघर बांधलं. अगदी पंपाच्या खोलीजवळ, स्टॉल क्रमांक चारच्या तोंडावर. पंचांग बघून डाव मांडला असता तरी असा उलटला नसता!

फाटक नवं म्हणून पाट्याही नव्या. पेंटर उज्वलाकडे गेला आणि विचारलं, काय लिहू? तिने शपथेप्रमाणे सांगितलं. दुसऱ्या दिवशी फाटकातून आत येणाऱ्या प्रत्येकाला हातभर अक्षरांत दिसू लागलं : 'मंगलाबाईंचा सुप्रसिद्ध पाववडा'.

आणि खऱ्या मंगलाबाई बुजलेल्या फाटकाशी, भिंतीकडे पाठ करून, 'नाश्ता स्टॉल क्र. १' या पाटीखाली माशा मारत बसल्या. तिकडे फिरकायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. येणारे-जाणारे "मंगलाबाईंकडे जाऊ या" म्हणताना ऐकू यायचे. पहिले काही दिवस त्यांना बरंही वाटलं. नाव तर आपलंच आहे ना, तोंडं कितीही असोत.

मग एक दिवस मालेगावची एक बाई, नातवाला झुकझुक गाडीत बसवून, उन्हातून त्यांच्या सावलीला येऊन टेकली. मंगलाबाईंनी हौसेने गरम पाववडा पुढे केला. "घ्या ताई. मीच मंगलाबाई."

बाईने त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "कशाला खोटं बोलता मावशी? असली मंगलाबाई गेटजवळ हाय. आम्ही दर खेपेला खातो तिच्याकडं. धंदा होत नाही म्हणून दुसरीचं नाव लावायचं का? लाज वाटली पाहिजे."

मंगलाबाईंना अंगावर कुणी उकळतं तेल ओतावं तसं झालं. पुरावा काय दाखवायचा? गळ्यात पाटी अडकवून फिरायचं? त्यांनी स्टोव्ह बंद केला आणि तीन वर्षांत पहिल्यांदा मागच्या बाजूला गेल्या. जवळ जायचा धीर होईना, म्हणून डायनासोरच्या पायाआड उभ्या राहून पाहू लागल्या. रांग तिकीटघरापर्यंत गेली होती. "मंगलाबाई, चार द्या!" "मंगलाबाई, ठेचा जास्त!" आणि कढईवरून मान वर करून उज्वला म्हणत होती, "हो, देते."

ते "हो" त्यांना सोसवलं नाही. चोरटी! नावाची चोरटी! असं त्या दात चावून पुटपुटल्या. आणि त्याच क्षणी त्यांना हेही पक्कं आठवलं की हिने काही चोरलेलं नाही, आपणच देवळात नेऊन, सगळ्यांदेखत, हे नाव हिच्या ओटीत घातलंय. त्या आल्या वाटेने परत गेल्या आणि सावळीरामला म्हणाल्या, ऊन लागलं.

दोन हजार सहा साली नाशिकच्या एका महिला मंडळाने डोंगरे मैदानावर खाद्यमेळा आणि पदार्थांची स्पर्धा भरवली. नवलबागेच्या पाववड्याला आग्रहाचं आमंत्रण आलं. ते आलं अर्थातच मंगलाबाईंच्या नावाने. तेव्हा वेगळी झाल्यापासून पहिल्यांदा उज्वला स्टॉल क्रमांक एकवर आली. हातात नारळ होता.

"जाऊबाई, गुरवाला विचारून आले. ज्यानं शपथ घ्यायला लावली त्यानंच देवळात तळी भरली तर ती सुटते म्हणे. एकदाच माझं नाव लिहू द्या मेळ्याच्या फॉर्मवर. मैना शाळेत सांगते, माझी आई पाववडा करते, तर पोरी म्हणतात, तो तर मंगलाबाईंचा."

मंगलाबाईंना गुरवाचं म्हणणं ठाऊक होतं, लहानपणापासून ठाऊक होतं. तळी भरायला एक नारळ आणि एक सकाळ पुरली असती. आणि खरं सांगायचं तर त्यांना तरी त्या नावाचं काय सुख होतं? पण पाटीवर 'उज्वला' ही अक्षरं त्यांनी मनात एकदा पाहिली. आपण नाही तर नाही, पण ही? हिचं नाव?

"गुरवाला काय जातंय सांगायला?" त्या म्हणाल्या. "देवाशी खेळ करू नये, उज्वला. तुला पोरगी हाय."

उज्वलाचा चेहरा पांढरा पडला. तिने नारळ पिशवीत ठेवला आणि वाकून पाया पडून निघून गेली. ऐकणाऱ्या सावळीरामला बायको किती देवभोळी आहे याचं कौतुक वाटलं.

मेळ्यात दिवसभर उज्वला तळत होती. मंगलाबाई नवं लुगडं नेसून शेजारी खुर्चीवर बसल्या होत्या, कारण आमंत्रण त्यांच्या नावाचं होतं. संध्याकाळी व्यासपीठावरून निवेदकाने पुकारा केला : "पहिला क्रमांक, नवलबागेच्या मंगलाबाई!"

सवयीने उज्वलाच पुढे झाली. दोन पावलं गेली आणि थबकली. तोवर मंगलाबाईही उठल्या होत्या. निवेदक गोंधळून एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहू लागला. "यातल्या मंगलाबाई कोण?"

उज्वलाने पिठाचे हात मागे घेतले आणि मानेने दाखवलं. "या."

मंगलाबाई वर गेल्या. शाल पडली, श्रीफळ मिळालं, टाळ्या वाजल्या. निवेदकाने खाली उभ्या असलेल्या उज्वलाकडे बोट केलं आणि माईक पुढे धरला. "आणि या कोण, मंगलाबाई? दिवसभर तर यांनाच तळताना पाहिलं आम्ही."

सगळं मैदान ऐकत होतं. मंगलाबाईंच्या जिभेवर खरं आलं होतं, अगदी ओठांपर्यंत आलं होतं. करणारी ती, माझं नुसतं नाव. एवढंच म्हणायचं होतं. त्यांनी खाली पाहिलं, तर उज्वला त्यांच्याचकडे बघत होती, टक लावून.

"ती होय? माझी धाकटी जाऊ," मंगलाबाई म्हणाल्या. "हाताखाली असते माझ्या."

लोकांनी उज्वलासाठीही टाळ्या वाजवल्या.

परतताना सीबीएसवर त्र्यंबकची एसटी लगेच मिळाली. दोघी एका बाकावर बसल्या. भांडी धनराज टेम्पोने आणणार होता. सातपूर मागे पडलं. मंगलाबाईंना वाटत होतं, ही रडेल, भांडेल, काहीतरी टाकून बोलेल. म्हणजे आपल्यालाही भांडता येईल आणि छातीवरचं ओझं उतरेल.

उज्वला बोलली ते अगदी शांतपणे. "जाऊबाई, बेल-भंडार मी उचलला व्हता. तुम्ही नाय उचलला."

मंगलाबाईंनी तिच्याकडे पाहिलं.

"मला बोलायची बंदी व्हती. तुम्हाला नव्हती. मला वाटायचं, मी सांगू शकत नाय, पण तुम्ही सांगाल कधीतरी, एकदा. सहा वर्षं वाट बघितली. आज माईक समोर आला तेव्हा म्हटलं, आता सांगतील." ती खिडकीकडे वळली. "आता नाय बघणार वाट."

मंगलाबाईंनी खांद्यावरची शाल काढली, घाईघाईने घडी केली आणि उज्वलाच्या मांडीवर ठेवली. उज्वलाने ती उचलली, घडी नीट केली आणि त्यांच्या हातात परत दिली.

"राहू द्या," ती म्हणाली. "तुमच्या नावाची हाय ती."